बाळंतविड्यातली लोकर : शिरूर-दौंड पट्ट्यातल्या विणकामाचा मागोवा

बाळंतविडा म्हणजे बाळंतीण आणि तान्हे बाळ यांच्यासाठी बारशाच्या वेळी माहेरून व आप्तांकडून येणारा आहेर. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, बाळलेणी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू ही त्यातली जुनी सामग्री. हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे हा संच तीत फार उशिरा आला. पुणे-मुंबईच्या शिकलेल्या घरांत तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागला आणि शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, केंदूरसारख्या गावांत, स्वातंत्र्यानंतरच्या काळात रुळला. शंभर वर्षांच्या आतच तो इतका आपला झाला, की बाहेरून आलेली ही कला आहे याचा बहुतेक घरांना विसर पडला.

केंदूर हे शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, वेळ नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव. संत कान्होराज महाराज पाठक यांच्यामुळे वारकऱ्यांना ते ठाऊक आहे. शेजारच्या पाबळला मस्तानीची समाधी आहे. हा सगळा टापू पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवाळीनंतर रात्री जमीन झपाट्याने निवते आणि पहाटेचा गारठा हाडांत शिरतो. जानेवारी १९३५ मध्ये पुण्यात १.७ अंश सेल्सिअस इतक्या खाली पारा गेला होता. दुपारी ऊन आणि पहाटे बोचरी थंडी अशा हवेत चटकन घालता-काढता येणारे उबदार वस्त्र तान्ह्याला लागतेच.

लोकरीच्या सुया येण्यापूर्वी ही ऊब सुताची होती. आजीच्या किंवा आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे झबले आणि त्याच लुगड्याच्या घड्या एकावर एक टाचून केलेले दुपटे यांत बाळ गुंडाळले जाई. झबल्याला गुंड्यांऐवजी बंद असत. बाळाच्या अंगाला टोचेल असे त्यात काही ठेवत नसत. कुंची हा या सगळ्यातला देखणा प्रकार. डोके झाकून पाठीवर उतरणारी ही खणाची किंवा रेशमी कापडाची टोपी-झूल बारशाला आणि बाहेर नेताना घालत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे. वेखंड, ओवा, बाळंतशेपा यांची धुरी देत.

लोकर या भागाला परकी मुळीच नव्हती. शिरूर-दौंडच्या माळांवर धनगरांचे दख्खनी मेंढ्यांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरत आले आहेत आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी घरोघर होती. ही लोकर हाताने कातून, चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणली जाते. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण सगळ्याला पुरणारे ते वस्त्र आहे. पण या लोकरीचा धागा जाड नि केसाळ. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा असतो; दख्खनी लोकरीचा त्याच्या दुपटीच्या आसपास भरतो. असा धागा तान्ह्याच्या गालाला लागला तर ते रडून उठेल. म्हणून दारात मेंढ्या असूनही बाळाच्या स्वेटरची लोकर नेहमी लांबूनच आली. घोंगडी विणणारे हात आणि स्वेटर विणणारे हात या पट्ट्यात कधी एकत्र आले नाहीत, ही या इतिहासातली खरी खंत आहे. दख्खनी मेंढीच्या कोवळ्या कोकरांची पहिली कातर वेगळी काढून तिचा मऊ धागा करण्याकडे कोणी नेटाने पाहिले असते, तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

दोन सुयांवरचे विणकाम हिंदुस्थानात युरोपीय बायकांबरोबर आणि मिशनच्या शाळांमधून आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले. सिंथिया फेरार या शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. घोडनदीला, म्हणजे शिरूर गावालाही या मिशनचे केंद्र होते आणि तिथे औद्योगिक शिक्षणाची शाळा चालली. मुलींच्या शाळेत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम हा तेव्हाचा शिरस्ता होता. आईबापांना मुलगी शाळेत पाठवण्याचे समर्थन त्यातून मिळे : निदान हाताला काही काम तरी लागेल.

आजच्या दौंड तालुक्यातले केडगाव या वाटेवरचे मोठे ठिकाण. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. तिथे शेती, छपाई, मागावरचे विणकाम, शिवण अशी कामे शिकवली जात. रमाबाईंचा आग्रह स्त्रीने स्वतःच्या हातावर उभे राहण्याचा होता. सुईकामाकडे फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून न पाहता पोटाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी या भागाला तिथून मिळाली, असे म्हणता येईल. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी उभ्या केलेल्या सेवासदनाने हीच दिशा धरली. प्रौढ बायकांचे, विधवांचे शिवण, भरतकाम, विणकाम यांचे वर्ग तिथे चालले आणि तिथून शिकलेल्या शिक्षिका व परिचारिका गावोगाव गेल्या. विणकाम खेड्यात नेणाऱ्या खऱ्या वाहक त्याच. शाळेतल्या बाईंच्या आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या पिशवीत सुया आणि लोकरीचा गुंडा असे, आणि पाहणाऱ्या मुली त्यातून शिकत.

नमुने छापून येऊ लागल्यावर या कलेला वेग आला. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघाले. त्यानंतरच्या स्त्रियांच्या मासिकांनी पाककृतींच्या जोडीला विणीचे नमुने छापले. इंग्रजी लोकरकंपन्यांच्या पुस्तिका शहरांतल्या घरांत आधीच पोचल्या होत्या. इंग्लंड-स्कॉटलंडात बाळासाठी विणण्याची परंपरा जुनी. शेटलंड बेटांवरच्या बाळशाली तर इतक्या तलम, की त्यांतली उत्तम शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येते. मराठी घरांनी त्या पुस्तिकांतून सोयीचे तेवढे घेतले. रिबिनी, झालरी नि लांब झगे मागे पडले. राहिले ते पुढून उघडणारा स्वेटर, कान झाकणारी टोपी, बंदाचे पायमोजे आणि वर एखादी शाल.

स्वातंत्र्यानंतर सरकारी योजनांनी उरलेले अंतर भरून काढले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर ग्रामसेविका व महिला मंडळे आली. शिवणयंत्र, विणकाम, बालसंगोपन हे मंडळांचे ठरलेले विषय होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केल्यावर शाळांच्या वेळापत्रकात त्याचे तास आले आणि त्या तासांना मुलींच्या हाती सुया आल्या. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा हाताने काम करत शिकण्याचा हाच विचार केंदूरच्या शेजारी पक्क्या पायावर उभा राहिला. शालेय विणकामाची एक उणीव मात्र स्पष्ट होती. मुलगे त्यातून वगळलेले होते. सुया हाती घेण्याला बाईपणाशी बांधून टाकल्यामुळे ही कला निम्म्या घरापुरतीच राहिली.

कच्चा माल बाजारातून येई. विणायची लोकर पंजाबातल्या गिरण्यांची. धारीवालचे नाव जुन्या बायकांच्या तोंडी असे, पुढे लुधियाना. सुया पोनी छापाच्या, निलगिरीतल्या कारखान्यात बनलेल्या, राखी रंगाच्या नि टोकाला गोल टोपी असलेल्या. १९७० नंतर ॲक्रिलिकचा धागा स्वस्त झाला आणि ‘कॅशमिलॉन’ या नावाने दुकानोदुकानी पोचला. तो धुवायला सोपा, रंगाला पक्का, कसर न लागणारा. खेड्यातल्या बाईला बाळाचा संच परवडू लागला तो या धाग्यामुळे, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण एक धोका त्याच्याबरोबर घरात आला. खरी लोकर आगीने सहसा पेट घेत नाही, करपून विझते. ॲक्रिलिक पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. ज्या घरात बाळाला शेगडीजवळ धुरी देण्याची रीत आहे, त्या घरात ॲक्रिलिकचा स्वेटर अंगात असताना ती देऊ नये.

संचातला स्वेटर बहुधा सर्वांत आधी विणायला घेतात. तीन किंवा चार पदरी मऊ लोकर, दहा-अकरा नंबरच्या सुया आणि शंभर ग्रॅमच्या आसपास धागा एवढ्यात तान्ह्याचा स्वेटर होतो. नवजात बाळाची छाती साधारण ३२-३३ सेंटिमीटर असते, पण जाणत्या विणणाऱ्या बायका घेर ४५ सेंटिमीटरच्या पुढेच धरतात. आत सुती झबले असते आणि बाळ महिन्याला बोट-बोट वाढते. खालची किनार एक सुलट एक उलट, कारण ती ताणून पुन्हा मिटते. अंगाला नुसती सुलट वीण घातली की कापड दोन्ही बाजूंनी सारखे, जाडसर आणि कडा न वळणारे होते. जाळीच्या विणी दिसायला सुंदर, पण बाळाची बोटे त्यांत अडकतात, म्हणून त्या शालीपुरत्या ठेवाव्यात. अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन यांनी १९६८ मध्ये एकाच तुकड्यात विणून, घडी घालून, फक्त खांद्याला शिवायचा बाळाचा स्वेटर रचला आणि तो जगभर गाजला. शिवणी कमी म्हणजे टोचणे कमी, हे त्यामागचे तत्त्व. आपल्याकडे मानेपासून खाली, बाह्यांसकट सलग विणत आणण्याची पद्धत हेच साधते. गळ्याशी टाके वाढवत खाली यायचे, बाह्यांचे टाके बाजूला धाग्यावर घेऊन ठेवायचे, आधी अंग संपवायचे, मग बाह्या. बाळ वाढले की बाहीचे टोक उसवून दोन बोटे लांबी वाढवता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

टोपीला माप चुकवून चालत नाही. नवजात बाळाचे डोके सुमारे ३४-३५ सेंटिमीटर घेराचे. टोपी त्याहून थोडी लहान विणावी लागते, कारण वीण ताणते. सैल टोपी डोळ्यांवर घसरते. पायमोज्यांची गोष्ट निराळी. ते विणायला एक संध्याकाळ पुरते आणि हरवायला एक दुपार. टाचेला नीट वळण आणि घोट्याशी बंद ओवायला भोकांची एक ओळ, एवढे असले तर मोजा पायावर टिकतो. बंद विणलेलेच असावेत आणि आत एकही सुटा धागा राहू नये. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला तर रक्त अडते आणि बाळाला सांगता येत नाही. गळ्याशी बांधायची लांब दोरी आणि सहज निघणारी गुंडी यांनाही तोच नियम.

एका स्वेटरचे आयुष्य एका बाळापुरते नसे. थोरल्याचा धाकट्याला, मग चुलतभावाला, आणि अगदीच आटला की उसवून. उसवलेल्या धाग्याची लडी करायची, ती पाण्यात भिजवून पीळ नि वळ्या मोडायच्या, सावलीत वाळवून गुंडा करायचा आणि नव्या लोकरीची पट्टी जोडून पुन्हा विणायचे. अशा स्वेटरांतले रंगीत पट्टे हौसेपेक्षा काटकसरीने आलेले असत, आणि ते उत्तम दिसत.

धुण्यासाठी रिठ्याचे पाणी हा लोकरीला मानवणारा जुना उपाय. ठेवणीच्या बाबतीत मात्र जुनी सवय सोडायला हवी. ट्रंकेत लोकरीबरोबर डांबरगोळ्या ठेवणे सर्वत्र चालते. त्यातल्या नॅप्थलीनने जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. असे बाळ बाहेरून ओळखू येत नाही. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. कडुनिंबाचा वाळला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवावी.

ऊब ही नवजात बाळासाठी जगण्या-मरण्याची बाब आहे, हे महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या आरोग्यकामातूनही दिसले. शिरूर तालुक्यातल्या वढू येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५-९८ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातल्या आरोग्यदूत बाळाचे वजन नि ताप पाहत, त्याला उबदार ठेवायला शिकवत आणि जंतुसंसर्गावर उपचार करत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. २०११ पासून ही सेवा आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि तिथून बरीच उष्णता जाते, म्हणून कमी वजनाच्या बाळाला टोपी आणि मोजे घालून आईच्या छातीशी ठेवतात. आजीची कानटोपी तेच काम करत आली. घरात, उबदार हवेत निजलेल्या निरोगी बाळाला मात्र जाड टोपी-स्वेटरने तापवू नये.

१९९० नंतर रांजणगाव, सणसवाडी भागात कारखानदारी वाढली. बायकांचा दिवस बदलला, तयार कपडे आठवडेबाजारात आले, थंडीत शहरांच्या रस्त्यांवर तिबेटी विक्रेत्यांची लुधियानाच्या स्वेटरांची दुकाने होतीच. राज्य सरकारने २०१९ मध्ये पहिल्या अपत्यासाठी सुरू केलेल्या बेबी केअर किटमध्ये ब्लँकेट, हातमोजे, पायमोजे होते. विकत घेतलेल्या कपड्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या घरात विणणारे कोणी नाही, त्या बाळालाही ऊब मिळाली पाहिजे. हाताच्या विणकामाने दरम्यान दुसरी वाट धरली. बचत गटांच्या बायका बाळाचे संच विणून पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांत विकतात, आणि २०२० च्या टाळेबंदीत मोबाईलवर पाहून अनेक तरुण मुलींनी सुया पहिल्यांदा हातात घेतल्या. क्रोशाचे सध्या अधिक चालते, कारण ते लवकर होते. पण दोन सुयांच्या विणीइतके मऊ आणि ताणणारे कापड क्रोशाने होत नाही, आणि तान्ह्यासाठी सुयाच सरस.

या पट्ट्यातल्या विणींची फारशी नोंद नाही. त्या साठी-सत्तरीच्या बायकांच्या हातांत आहेत. किती टाके घालायचे, बाही कुठे सोडायची, टाच कशी वळवायची हे त्या विणता विणता सांगतात. केंदूर-पाबळच्या शाळांनी, महिला मंडळांनी आणि नातवंडांनी हे वीणनमुने टाके, सुयांचे नंबर, लोकरीचे वजन आणि बाळाचे वय यांसह वहीत उतरवून घ्यावेत, आणि विणणारीचे नाव त्याखाली लिहावे.