आठ तासांची शर्यत आणि वहीत न लिहिलेले 360 तास



दिवाळीच्या आधीचा रविवार म्हणजे कपड्याच्या दुकानाचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आणि दुकानाचा मालक, म्हणजे मी, गल्ल्यावर नव्हतो. मी होतो गोव्यात, मिरामारच्या समुद्रात. तारीख 27 ऑक्टोबर 2024. दुसऱ्या दिवशी वसुबारस.

‘धंदा सोडून हे कसले उद्योग?’ असं तुम्हाला वाटत असेल, तर आमच्या आप्पांनाही तेच वाटलं होतं. पण त्या शनिवार-रविवारी मला जो हिशोब कळला, तो बीबीएच्या तीन वर्षांत कळला नव्हता. व्हिडिओत घाईत सांगितला, इथे नीट लिहितो.

आधी शर्यत समजून घ्या

स्पर्धेचं नाव आयर्नमॅन 70.3. आधी 1.9 किलोमीटर पोहायचं, मग लगेच 90 किलोमीटर सायकल आणि त्यानंतर 21.1 किलोमीटर धावायचं. तिन्हीची बेरीज मैलांत 70.3 होते, म्हणून हे नाव. गोव्यात ती पहिल्यांदा 2019 मध्ये झाली. सगळं मिळून साडेआठ तासांत संपवायचं असतं. पोहणं 1 तास 10 मिनिटांत झालं नाही, तर तिथूनच परत.

मी काही खेळाडू नाही. नारायणगावातला दुकानदार. पोटाचा घेर वाढला, शुगर वाढली, डॉक्टर ओरडले, तिथून हे सुरू झालं. फेब्रुवारीच्या मध्यापासून तयारी. पोहायला पिंपरी-चिंचवडला जायचं, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. सायकल जुन्नरच्या रस्त्याला, नाहीतर घोडेगावहून डिंभे धरणापर्यंत.

आता आपल्या भागातली अडचण तुम्हाला माहीत आहे. पुण्यातला माणूस पहाटे चारला सायकल काढतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. नीट उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही घरची अट होती आणि ती बरोबरच होती. म्हणजे मी साडेसहाला निघणार, परत येऊन आवरून दुकानात पोचायला दुपारचे बारा.

मग साडेनऊला शटर कोण उघडणार? बायको. आठवड्यातले चार दिवस. मुलीचा डबा, शाळेची गाडी, सासऱ्यांचा चहा, आणि मग दुकान. मी म्हणायचो, ‘थोडे दिवस सांभाळ.’ ती सांभाळत होती.

मिरामारवर

दुकान आप्पा आणि धाकट्या भावाच्या हवाली करून आम्ही तिघं शुक्रवारी पहाटे निघालो. शनिवारी सायकल जमा केली. रविवारी सकाळी पाण्यात उतरलो.

धरणाचं पाणी आणि समुद्र यात फार फरक आहे. लाट आली की समोरची खूण दिसेना. बाहेर आलो तेव्हा 1 तास 6 मिनिटं झाली होती. चार मिनिटांनी वाचलो. सायकल बरी गेली. धावताना मात्र दमट उन्हाने जीव काढला. धावण्याच्या फेऱ्या असतात, त्यामुळे घरचे पुन्हा पुन्हा दिसतात. पहिल्या फेरीला मुलीने टाळ्या वाजवल्या. नंतरच्या फेरीला विचारलं, ‘बाबा, अजून किती?’ बायकोच्या हातात थंड पाण्याची बाटली होती, पण ती मला देता येत नव्हती. नियम तसा आहे. आयोजकांच्या टेबलावरचंच पाणी घ्यायचं, बाहेरच्या कुणाची मदत चालत नाही.

पूर्वी उलट होतं. 18 फेब्रुवारी 1978 ला हवाईमध्ये पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा 15 जण सुरुवातीला उभे राहिले आणि 12 जणांनी ती पूर्ण केली. त्या वेळी प्रत्येकाने मदतीला आपापली माणसं आणायची होती. जॉन डनबार नावाच्या स्पर्धकाच्या माणसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला बिअर दिली! तो दुसरा आला. ही शर्यत सुरू करणारे जॉन आणि जूडी कॉलिन्स, नवरा-बायकोच.

माझी शर्यत 8 तास 14 मिनिटांत संपली. गळ्यात मेडल, फोटो, सगळं झालं. रात्री जेवताना बायको शांतपणे म्हणाली, ‘तुमची शर्यत आठ तासांची होती. माझी फेब्रुवारीपासून चालू आहे.’

भांडणाचा सूर नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मग मी वही काढली

घरी आल्यावर हिशोब मांडला. रोजचे अडीच तास, आठवड्याला चार दिवस, म्हणजे 10 तास. 36 आठवड्यांचे 360 तास. कामाच्या मुलाला मी 26 दिवसांचे, रोज 10 तासांप्रमाणे 12,000 देतो. म्हणजे तासाला साधारण 46 रुपये. तिचे झाले 16,560 रुपये.

रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण माझ्या खर्चाच्या यादीत बूट होते, सायकल होती, पेट्रोल होतं, आणि हा आकडा शून्य होता. त्या रविवारची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 26 हजारांनी कमी झाली, ते मला तोंडपाठ होतं. आप्पा त्या दिवशी बारा तास उभे होते, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता तुमच्याकडे वळू. आंबेगाव तालुक्यातला एक प्रशिक्षणार्थी चकली-शेवेचा धंदा करतो. म्हणाला, ‘सर, महिन्याला 18,000 सुटतात.’ विचारलं, तळायला कोण? ‘आई आणि बायको, रोज तीन-तीन तास.’ महिन्याचे 156 तास. त्याच दराने 7,176 रुपये. म्हणजे धंद्याचा खरा नफा 10,824. बाकीची घरच्यांची मजुरी, जी तो नफा म्हणून मोजत होता. उद्या आई आजारी पडली आणि माणूस ठेवावा लागला, तर त्याला वाटेल धंदा बसला. धंदा बसलेला नसेल, फक्त खरा आकडा समोर आलेला असेल.

सुरू करण्याआधी हे करा

1. घरातल्या प्रत्येकाचे तास महिनाभर वहीत लिहा. बाहेरचा माणूस ठेवला तर जो दर द्याल, तोच लावा. मग भाव ठरवा.

2. ‘थोडे दिवस सांभाळ’ म्हणू नका. तारीख सांगा. शर्यतीला वेळेची मर्यादा असते, तशी तुमच्या मदत मागण्यालाही हवी. सहा महिन्यांत अमुक विक्री झाली नाही तर काय करायचं, हे घरात बसून आधीच ठरवा.

3. जमेल तेव्हा पैसे त्यांच्याच खात्यात टाका. कराचं तुमच्या सीएला विचारा. वहीत लिहायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

आमच्याकडे त्या नोव्हेंबरपासून बायकोचा पगार वहीत आहे. आणखी काय हवं, असं विचारलं तर तिने एकच मागितलं, रविवारची सकाळ. आता रविवारी बारापर्यंत ती दुकानात येत नाही. कुठे जाते, काय करते, मी विचारत नाही. शटर मी उघडतो.