चेन खरेच ताणली जाते का?

आमची काळी ॲटलस सायकल तीस वर्षांहून जुनी आहे. गिअर नाहीत, ब्रेक सळ्यांचे, वजन भरपूर. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. पण या घडणीच्या सायकली अनेक कंपन्यांनी जवळजवळ एकाच मापाने बनवल्या, त्यामुळे सुटे भाग नागपुरात अजून मिळतात. गेल्या एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर या सायकलीने सेवाग्रामला जायचे आम्ही ठरवले. बुटीबोरी, सेलू, वर्धा असा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. बाबा आमट्यांच्या हाकेला ओ देऊन १९८५-८६ मध्ये तरुण मंडळी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने गेली होती; त्यापुढे आमचा बेत म्हणजे फेरफटकाच!

उत्साहाच्या भरात नवे कॅरिअर, दोन पिशव्या, डायनॅमो असे सारे एकाच दिवसात बसवून घेतले आणि सामान लादून सेमिनरी हिल्सच्या चढावर गेलो. जोर लावायला पेडलवर उभे राहिलो, तोच चेन दात सोडून सटकली. गुडघा हँडलवर आपटला. मागून मोटार येत नव्हती, हे नशीब.

‘चेन ताणली गेलीय,’ असे अशा वेळी सगळेच म्हणतात. पण चेनच्या पोलादी पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. मग लांबी वाढते कशी? चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन फिरते. पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासून झिजतात आणि सांधा किंचित सैल होतो. सगळ्या सांध्यांची ही ढिलाई मिळून चेन लांब होते.

हे मोजायला फूटपट्टी पुरते. शेजारच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन ताठ धरून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती एक सूत (अष्टमांश इंच) पुढे गेली असेल, तर चेन सुमारे एक टक्का लांबली आहे. आता ती बदलावी. आमची पिन दोन सूत पुढे होती! चोवीस सांध्यांत वाटले, तर प्रत्येकाची झीज पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. नुसत्या डोळ्यांनी ती दिसणार नाही. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींच्या चेन मुलांकडून मोजून घेऊन आलेख काढता येईल. कोणाची सायकल सटकण्याच्या बेतात आहे, तेही कळेल.

लांबलेली चेन दातांच्या अंतराशी जुळत नाही. सगळा भार एकदोन दातांवर येतो, चेन त्यांच्यावर चढते आणि जोर लावताच निसटते. दातही झिजतात. म्हणून नुसती नवी चेन घालून भागत नाही, फ्रीव्हीलही बदलावे लागते. आम्ही १८ ऐवजी २० दातांचे घेतले. त्याच चढावर चेनला लागणारा जोर दहा टक्क्यांनी कमी झाला, आणि पेडलवरचाही तेवढाच. अर्थात पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. फुकट काही मिळत नाही.

तेलाचे म्हणाल, तर चेनला वरून तेलाने माखणे हा उपचार नव्हे, अपाय आहे. त्यात धूळ बसली की घासायचा लेपच तयार होतो. रॉकेल किंवा डिझेलने चेन धुवावी, प्रत्येक सांध्यात एकेक थेंब सोडावा आणि रात्रभराने बाहेरचे तेल पुसून काढावे.

पहाटे साडेचारला निघायचे, म्हणून डायनॅमो. त्याच्या अक्षाची रेषा चाकाच्या मध्याकडे रोखलेली हवी, नाहीतर त्याची फिरकी टायर खाते. वायर एकच असते. परतीची वाट सायकलच्या सांगाड्यातून. म्हणून पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड उघडे करावे लागते. आमचा दिवा पहिल्या दिवशी लागेना, तो केवळ रंगामुळे. डायनॅमोची आणखी एक गंमत आहे. मागचा बल्ब गेला, की पुढचा आधी झकास उजळतो आणि थोड्या वेळाने तोही जातो. कारण वेग वाढला की व्होल्टेज वाढते, पण प्रवाहाची वारंवारताही वाढते, आणि वेटोळ्याचा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहतो: ०.४ पुढच्या बल्बला, ०.१ मागच्याला. मागचा गेला की सगळाच पुढच्या बल्बवर येतो.

पिशव्या चाकाच्या आसाजवळ, खाली बांधाव्यात. आसाच्या मागे ओझे गेले, की चढावर हँडल हलके होऊन डगमगते.

‘उन्हाळ्यात हवा कमी भरा, ट्यूब फुटेल,’ असा सल्ला आम्हाला जागोजागी मिळाला. हिशेब करून पाहू. पहाटे २८ अंशांना ५० पौंड हवा भरली. वातावरणाचा दाब धरून ती सुमारे ६५ पौंड झाली. दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापले, तर केल्विनमध्ये ३०१ चे ३३३ होतात, म्हणजे दाब सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. पंपाच्या काट्यावर ५० चे ५७ दिसतील. चांगले टायर तेवढ्याने फुटत नाही. उलट हवा कमी असली, की ओझ्याखाली खड्ड्यात रिम आपटून ट्यूब कापली जाते. फुटतात ती बाजूंना भेगा गेलेली जुनी टायरे. ती आम्ही बदलली.

खापरीपर्यंत अंधार होता, डायनॅमोने साथ दिली. पंक्चर झाले ते परतताना, सेलूजवळ, बाभळीच्या काट्याने. ठिगळ सावलीत बसून लावले, सोल्यूशन पुरते सुकू दिले, आणि काटा टायरमध्येच राहिला नाही ना, हे आतून बोट फिरवून पाहिले. राहिला होता.