दाढेचें दुखणें आणि फिल्मचा कॅमेरा

अक्कलदाढ काढून घरीं परतलेल्या माणसाची स्थिति मोठी चमत्कारिक असते. आजारी म्हणावा तर ताप नाहीं. बरा म्हणावा तर धड बोलतां येत नाहीं कीं चावतां येत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं त्यास अंथरुणाचा कंटाळा येतो, आणि कपाटांत पडून राहिलेला वडिलांचा फिल्मचा कॅमेरा हातीं लागतो तो बहुधा अशाच वेळीं.

दांत आणि फोटो यांचा संबंध वाटतो तितका ओढूनताणून आणलेला नाहीं. राँटजेन यांनीं १८९५ सालच्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध जाहीर केला. पुढच्याच महिन्यांत जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनीं गुंडाळलेली फोटोची कांच स्वतःच्या तोंडांत धरली आणि २५ मिनिटें निश्चल राहून आपल्या दांतांचें क्ष-किरणचित्र मिळविलें. पुढें कॅमेरा घरोघर पोंचविणारे कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीनें अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें १९१७ सालीं मुलांसाठीं दंतचिकित्सालय उघडलें. लंडन, रोम, पॅरिस, ब्रसेल्स व स्टॉकहोम येथेंहि तशींच चिकित्सालयें उभीं राहिलीं.

दाढ निघाली कीं जबड्याच्या हाडांत खळगा उरतो. त्यावर गॉजचा बोळा अर्धापाऊण तास दाबून धरावयाचा, तो तेथें रक्ताची गुठळी धरावी म्हणून. ही गुठळी उघड्या हाडावरचें पांघरूण होय. तिच्या आश्रयानेंच नवें मांस भरूं लागतें. पहिल्या दिवसांत जोरानें चूळ भरली, थुंकलें, नळीनें पेय ओढलें किंवा विडी-सिगारेट ओढली, तर ती निसटण्याचा संभव असतो. मग हाड उघडें पडतें आणि शमत आलेलें दुखणें तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कानापर्यंत ठणकूं लागतें. दंतवैद्य यास ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. असें झाल्यास घरगुती उपाय करीत न बसतां पुन्हां दवाखाना गांठावा.

फिल्मचीहि कथा अशीच आहे. जिलेटिनच्या पातळ थरांत रौप्यक्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. झडप क्षणभर उघडून प्रकाश आंत शिरला कीं त्यांवर चित्र उमटतें खरें, परंतु तें डोळ्यांस दिसत नाहीं. डेव्हलपरच्या द्रावणांत त्या कणांचें काळें रुपें होईपर्यंत तें सुप्तच राहतें. मध्यंतरीं कुतूहलानें कॅमेऱ्याची पाठ उघडली तर केलेले श्रम वायां जातात. जखम असो वा फिल्म, उघडून पाहण्याचा मोह दोहोंसहि घातक.

पहिला दिवस केवळ विश्रांतीचा. उशी उंच घ्यावी. गालावर बाहेरून बर्फाची पिशवी वीस मिनिटें ठेवावी व तितकाच वेळ दूर करावी. पेज, मऊ भात, खिचडी हें सर्व कोमट करून घ्यावें. दुसऱ्या दिवसापासून मिठाचें कोमट पाणी तोंडांत हळूच खेळवून तसेंच गळूं द्यावें. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दिसते, तिला भिण्याचें कारण नाहीं. मात्र त्यानंतरहि ती वाढत गेली, ताप आला, किंवा रक्त थांबेना, तर दंतवैद्यास तत्काळ कळवावें.

कॅमेरा या सुमारास हातीं घेण्यास हरकत नाहीं. परंतु सुजलेल्या गालाशीं तो दाबून धरणें सोसत नाहीं, आणि खालीं वांकलें कीं ठणका उठतो. यास्तव तो खिडकीजवळ टेबलावर ठेवावा आणि पितळेचा तांब्या किंवा तुळशीची कुंडी असा स्थिर विषय निवडावा. भर उन्हांत छिद्र १६ वर असतां १०० वेगाच्या फिल्मला सुमारें १/१०० सेकंद पुरतो. घरांतल्या उजेडास कित्येक पट अधिक वेळ लागतो, आणि तेथें हातापेक्षां टेबलाचा आधार भरंवशाचा. रुंद १२० फिल्मवर चौरस चित्रें बाराच येतात. प्रत्येक चित्राची वेळ, छिद्र व उजेड वहींत टिपून ठेवल्यास पुढें चूक शोधतां येते.

फिल्म धुण्याची घाई मात्र करूं नये. औषधाच्या गुंगींत अंधारांत फिल्म रिळावर चढविणें म्हणजे ती चुरगळण्यास निमंत्रणच. आठवडाभरानें टांके निघाले, वेदनाशामक गोळ्या थांबल्या, कीं हें काम हवेशीर जागीं करावें. डेव्हलपर साधारणपणें २० अंश सेल्सियसला वापरतात. मुंबईच्या उन्हाळ्यांत नळाचें पाणी त्याहून पुष्कळ गरम असतें, आणि फार उष्णतेनें जिलेटिन मऊ पडतें. द्रावणाचें भांडें बर्फाच्या पाण्यांत ठेवावें. गालासाठीं आणलेला बर्फ येथें उपयोगीं पडतो! शेवटीं उरलेले रौप्यक्षार हायपोनें विरघळून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालींच नोंदविला होता.

हिरडी दोनतीन आठवड्यांत बुजते. आंतलें हाड भरून येण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर दोरीवर वाळलेल्या पहिल्या फिल्मवरील बारा चित्रांपैकीं चारपांच जरी स्पष्ट निघालीं, तरी सक्तीची रजा सार्थकीं लागली असें समजावें.