न झालेल्या गोलांचा हिशेब

तीर्थपुरीच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखण बसते. गोफण फिरते, पाखरांचा थवा उठतो आणि संध्याकाळी कणसं जागच्या जागी असतात. राखणदाराने किती दाणे वाचवले, हे कुणी मोजत नाही. पण एखाद्या रात्री त्याचा डोळा लागला आणि रानडुकरं शिरली, तर ते नुकसान साऱ्या गावाला दिसतं. फुटबॉलमधल्या बचावपटूचंही असंच असतं.

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. एका बाजूला एफसी गोवा. त्यांच्या कोरोमिनासने त्या मोसमात १६ गोल केलेले. नव्वद मिनिटं संपली, जादा वेळ सुरू झाला, तरी गोलफलक कोराच. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू बेंगळुरूच्या राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने डोक्याने जाळ्यात धाडला आणि चषक जिंकून दिला. तो हेडर सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याआधीची ११६ मिनिटं? मोसमातल्या सर्वांत धोकादायक आघाडीपटूला कोरडं ठेवणं, हे भेके आणि त्याच्या साथीदारांचं खरं काम होतं. गोलफलकावर त्याची नोंद एवढीच: शून्य.

याची दुसरी बाजू २७ जून २०२३ रोजी बेंगळुरूत दिसली. सॅफ स्पर्धेत भारत कुवेतविरुद्ध १-० असा पुढे होता. भरपाई वेळेत बचावपटू अन्वर अलीकडून स्वयंगोल झाला आणि सामना बरोबरीत सुटला. तोवरची सारी राखण त्या एका स्पर्शाआड झाकली गेली.

मग चुका मोजायच्याच नाहीत का? मोजायच्या, पण त्या आकड्याचा स्वभाव ओळखून. फुटबॉलची आकडेवारी ठेवणारी ऑप्टा ही संस्था चुकांचे दोन रकाने ठेवते: जिच्यामुळे प्रतिस्पर्ध्याला गोलवर फटका मारता आला ती चूक, आणि जिच्यामुळे गोल झाला ती चूक. आता एकच आंधळा पास डोळ्यांपुढे आणा. गोलरक्षकाने झेप घेऊन फटका अडवला, तर नोंद पहिल्या रकान्यात. त्याची बोटं तसूभर कमी पडली, तर दुसऱ्या. बचावपटूची चूक तीच, पण शिक्षा दुसऱ्याच्या बोटांनी ठरवली.

खरं नवल पुढे आहे. गोल मुळातच दुर्मीळ: २०२२च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनही नाहीत. त्यातले बचावपटूच्या ढोबळ चुकीने झालेले आणखी थोडे. समजा, एखाद्याकडून मोसमात सरासरी दोन अशा चुका होतात आणि त्या कधीही घडू शकतात. संभाव्यतेचं गणित सांगतं की सातांतल्या साधारण एका मोसमात त्याच्या नावावर एकही चूक नसेल आणि तितक्याच मोसमांत चार किंवा त्याहून जास्त असतील. माणूस तोच, कसब तेच. एका वर्षी तो पोलादी भिंत ठरतो, दुसऱ्या वर्षी भगदाड!

शिवाय रान कुठलं, हेही पाहायला हवं. ओढ्याकाठचं रान राखणाऱ्याकडे डुकरं जास्त येणारच. काही संघ चेंडू लांब भिरकावतात, काही बचावपटूंनाच दाटीतून छोटे पास देत चढाई रचायला सांगतात. सामन्यात शंभरदा चेंडू खेळणाऱ्याची एक चूक आणि तीसदा खेळणाऱ्याची एक चूक एका तराजूत तोलता येत नाहीत.

आणि उत्तम बचाव तर बहुतेकदा चेंडूला शिवतही नाही. बचावपटू दोन पावलं डावीकडे सरकतो, पासची वाट बंद होते, आघाडीपटू चेंडू मागे वळवतो. काहीच घडलं नाही, म्हणून काहीच लिहिलं गेलं नाही. आता मात्र मैदानाभोवतीचे कॅमेरे बावीसही खेळाडूंची जागा सेकंदाला २५ वेळा टिपतात. त्यामुळे न दिलेल्या पासांचा, न मारलेल्या फटक्यांचा अंदाज बांधता येऊ लागला आहे. जे घडलंच नाही ते मोजायला माणूस शिकतो आहे, याहून विलक्षण काय असेल!

म्हणून २०१९चा तो अंतिम सामना पुन्हा पाहायला मिळाला, तर ११७व्या मिनिटाकडे धावू नका. चेंडू दूर असताना भेके कुठे उभा आहे, ते पाहा. माळ्यावरची गोफण तिथे फिरताना दिसेल.