मूळचा कुठला?

एसटीत शेजारी बसलेल्या माणसाशी जरा बोलणं सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच : "तुम्ही मूळचे कुठले?" सध्या कुठे राहता, नोकरी कुठे, हे विचारून झालेलं असतं. त्याला हवं असतं ते या सगळ्यामागचं गाव. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांत नेमका हाच प्रश्न एका खेळाच्या नियमपुस्तकात जाऊन बसला आहे. खेळ आहे रग्बी लीग, स्पर्धेचं नाव 'स्टेट ऑफ ओरिजिन'. वर्षाला तीन सामने, एका बाजूला आकाशी निळी जर्सी आणि दुसऱ्या बाजूला मरून. खेळाडूला पगार कुठला क्लब देतो, याला या तीन सामन्यांत काहीही किंमत नाही. तो मूळचा कुठला, एवढंच पाहिलं जातं.

या नियमाचं मोल कळायला आधी या खेळाचं पैशाशी असलेलं नातं पाहायला हवं. रग्बी लीग जन्मलीच मुळी मजुरीच्या वादातून. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावी वीसेक क्लब एकत्र जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यांचे खेळाडू खाणीत, गिरणीत राबणारे. सामन्यासाठी कामाचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून देण्याची मागणी वरिष्ठांनी फेटाळली, म्हणून नवा खेळ उभा राहिला. पुढे त्यात संघ पंधराऐवजी तेरा जणांचा झाला. १९०८ मध्ये हा खेळ ऑस्ट्रेलियात रुजला आणि त्याच वर्षापासून ही दोन राज्यं एकमेकांशी खेळू लागली. घामाचा मोबदला मिळालाच पाहिजे, हा या खेळाचा पाया आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण त्याच पायामुळे क्वीन्सलँडच्या संघाची वाताहत झाली.

त्या वेळी खेळाडू ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळेल, त्याच राज्याचं प्रतिनिधित्व करायचा. १९५६ मध्ये न्यू साउथ वेल्सनं क्लबांना पोकर मशीन, म्हणजे नाणी टाकून जुगार खेळायची यंत्रं, कायदेशीरपणे ठेवू दिली. सिडनीच्या क्लबांच्या तिजोऱ्या भरल्या. क्वीन्सलँडमध्ये अशी परवानगी मिळायला आणखी तीन दशकांहून जास्त काळ गेला. मग उत्तरेकडचा जो चांगला पोरगा दिसेल तो सिडनीला, आणि सिडनीला गेला की आपोआप न्यू साउथ वेल्सच्या संघात. क्वीन्सलँडनं वाढवलेलीच पोरं निळी जर्सी घालून क्वीन्सलँडला हरवू लागली. साठ आणि सत्तरच्या दशकांत हे इतकं एकतर्फी झालं की लोकांनी पाहणंच सोडलं. १९८० च्या पहिल्या दोन्ही सामन्यांत न्यू साउथ वेल्स जिंकलं. त्यातला दुसरा सिडनीच्या लाइकार्ट ओव्हलवर झाला, तेव्हा मैदानात सतराशेसुद्धा प्रेक्षक नव्हते.

क्लब किंवा राहण्याचं ठिकाण पाहून संघ ठरवण्यात मुळात काही गैर नाही. रणजी करंडकात बाहेरचे खेळाडू घेण्याची सोय आहे. विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा करंडक उचलला तेव्हा मुंबईत घडलेला वसीम जाफर विदर्भाकडून खेळत होता आणि नागपूरकरांनी त्याला आपलाच मानलं. पण ओघ एकाच दिशेनं वाहू लागला आणि समोर दोनच संघ असले, की असा नियम दुबळ्याचं रक्त सबळाच्या अंगात भरू लागतो. क्वीन्सलँडचं नेमकं तेच झालं.

उपाय दुसऱ्या खेळातून आला. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हीच रड होती; त्यांचे खेळाडू व्हिक्टोरिया पळवत असे. १९७७ च्या जूनमध्ये जुन्या नियमानं खेळून व्हिक्टोरिया ६३ गुणांनी जिंकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पर्थच्या सुबियाको ओव्हलवर 'ज्याचं मूळ जिथलं, त्यानं तिथून खेळायचं' या नियमानं सामना झाला आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ९४ गुणांनी जिंकलं. राज्यं तीच, खेळही तोच. चार महिन्यांत १५७ गुणांचा फरक पडला, तो फक्त कुणी कुठली जर्सी घालायची हा नियम बदलल्यामुळे.

हे उदाहरण समोर ठेवून क्वीन्सलँड रग्बी लीगचे अध्यक्ष, सिनेटर रॉन मॅकऑलिफ यांनी पाठपुरावा केला. समोर न्यू साउथ वेल्सचे केव्हिन हम्फ्रीज होते. मालिका तर हातची गेलेलीच आहे, तेव्हा तिसरा सामना या नियमानं खेळून पाहू, असं ठरलं. सिडनीच्या वर्तमानपत्रांत अनेकांनी या कल्पनेची टर उडवली. एकाच क्लबातले सवंगडी एकमेकांना खरोखर भिडणार आहेत का, ही त्यांची शंका होती.

८ जुलै १९८० ची रात्र. ब्रिस्बेनचं लँग पार्क, एके काळी जिथं शहराची दफनभूमी होती ती जागा. तेहतीस हजारांहून जास्त माणसं. क्वीन्सलँडचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला आर्थर बीटसन. वय ३५. गाव रोमा, क्वीन्सलँडच्या आतल्या भागातलं. १९६६ मध्ये तो सिडनीला गेला आणि पुढे कितीतरी वेळा न्यू साउथ वेल्सची निळी जर्सी घालून आपल्याच राज्याविरुद्ध खेळला. १९७३ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचं नेतृत्व केलं. कुठल्याही खेळात देशाच्या संघाचा कर्णधार होणारा तो पहिला आदिवासी ऑस्ट्रेलियन. पण १९८० पर्यंत उमेद सरत आली होती आणि पॅरामॅटा क्लबात तो राखीव संघात खेळत होता. तरी मरून जर्सीतला हा अवजड माणूस बाहेर येताच लँग पार्कवर जो कल्लोळ झाला, त्याची आठवण तिथली जुनी माणसं आजही काढतात.

त्या रात्री समोरच्या संघात मिक क्रोनिन होता, पॅरामॅटामधला त्याचाच सहकारी. क्रोनिनला अडवताना बीटसननं हात राखला नाही. वर्तमानपत्रांच्या शंकेचं उत्तर त्या एका तडाख्यात मिळालं. माल मेनिंगाचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता आणि त्यानं गोलच्या सातही किक अचूक मारल्या. क्वीन्सलँड २०-१० नं जिंकलं. १९८१ मध्ये पुन्हा एकच सामना या नियमानं झाला. १९८२ पासून तिन्ही सामने मुळावर खेळले जाऊ लागले आणि ती पहिली पूर्ण मालिका क्वीन्सलँडनंच घेतली. सिडनीला आपली पहिली मालिका जिंकायला १९८५ उजाडलं.

नियम तर आला, पण 'मूळ' म्हणजे नेमकं काय हे ठरवणं बाकी राहिलं. माणसाला ते सांगावं लागत नाही, नियमाला मात्र ते शब्दांत बांधावंच लागतं. सुरुवातीची बरीच वर्षं कसोटी ढोबळमानानं अशी होती : प्रौढ गटातलं रग्बी लीग हा खेळाडू पहिल्यांदा कुठल्या राज्यात खेळला? ऐकायला सरळ आणि कागदोपत्री सिद्ध करायला सोपं. म्हणून पीटर स्टर्लिंग जन्मानं क्वीन्सलँडमधल्या टूवुम्बाचा असूनही न्यू साउथ वेल्सचा ठरला. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. त्याचा खेळ घडला तो दक्षिणेतच.

अडचण पुढे आली. ग्रेग इंग्लिस न्यू साउथ वेल्समधल्या बावराव्हिलचा मुलगा. शाळेचा शेवटचा काळ त्यानं ब्रिस्बेनमध्ये काढला आणि पहिलं प्रौढ रग्बी क्वीन्सलँडच्याच मैदानांवर खेळला. त्या कसोटीनं तो क्वीन्सलँडर झाला. मरून जर्सीत ३२ सामने खेळून त्यानं निळ्या संघाचे अक्षरशः हाल केले. २००६ पासून क्वीन्सलँडनं सलग आठ मालिका जिंकल्या, त्यात त्याचा वाटा फार मोठा. बावराव्हिलच्या लोकांना काय वाटलं असेल? मुलगा त्यांचा, गुणही त्यांच्याच मैदानांवर रुजलेले आणि मिरवतोय दुसराच. क्वीन्सलँडनं वीस वर्षं भोगलेलं दुःख आता उलट्या दिशेनं वाहत होतं. दुसरीकडे जेम्स मॅकमॅनस स्कॉटलंडमध्ये जन्मला, नॉर्दर्न टेरिटरीतल्या डार्विनमध्ये वाढला आणि न्यू साउथ वेल्सकडून खेळला. एड्रियन लॅम पापुआ न्यू गिनीतल्या राबाउलचा. तो त्या देशाचाही कर्णधार झाला आणि क्वीन्सलँडचाही.

२०१२ मध्ये जेम्स टमाऊला निवडलं गेलं आणि वाद उसळला. जन्म न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थचा, किशोरवयात ऑस्ट्रेलियात आलेला, न्यूझीलंड माओरी संघाकडून खेळलेला. त्याच वर्षी तो न्यू साउथ वेल्सकडूनही खेळला आणि ऑस्ट्रेलियाकडूनही, तेही न्यूझीलंडविरुद्ध. वर्ष संपता संपता नियम नव्यानं लिहिला गेला. खेळाडूचा जन्म त्या राज्यात झालेला असावा, किंवा वयाची तेरा वर्षं पूर्ण होण्याआधी तो तिथं राहिलेला असावा, किंवा त्याचे वडील त्या राज्याकडून ओरिजिन खेळलेले असावेत.

या तिन्हींतली तेरा वर्षांची अट मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. जन्म कुठल्या दवाखान्यात झाला हे पोराच्या हातात नसतं. वडिलांची कीर्तीही त्यानं कमावलेली नसते. पण बाराव्या वर्षापर्यंत ज्या मैदानावर गुडघे फुटले, ज्या गल्लीतल्या थोरल्या पोरांनी चेंडू हाती दिला, ते गाव माणूस मरेपर्यंत सोबत नेतो. शिवाय तेराव्या वर्षाच्या आत कुठलाही क्लब करार घेऊन दारात उभा राहत नाही. मूळ विकत घेता येऊ नये म्हणून जिथं कुंपण घालायला हवं होतं, ते नेमकं तिथंच घातलं गेलं.

तरीही या कुंपणावर उभी असलेली माणसं आहेत आणि त्यांच्याकडे पाहायलाच हवं. पश्चिम सिडनीच्या वस्त्यांत सामोआ आणि टोंगामधून आलेली हजारो कुटुंबं राहतात. तिथल्या पोराला 'मूळचा कुठला?' विचारलं तर तो दोन उत्तरं देतो आणि दोन्ही खरी असतात. पूर्वी ओरिजिन खेळायचं तर ऑस्ट्रेलियालाच बांधील राहावं लागे, आजीच्या देशाची जर्सी सोडावी लागे. पॅसिफिकमधल्या छोट्या देशांपुरती ही अट नंतर सैल झाली. त्याचं फळ २०२२ च्या विश्वचषकात दिसलं. न्यू साउथ वेल्सकडून खेळणारे जरोम लुआई आणि ब्रायन तोओ सामोआच्या निळ्या जर्सीत उतरले. उपांत्य सामन्यात स्टीव्हन क्रायटनच्या ड्रॉप गोलनं सामोआनं यजमान इंग्लंडला २७-२६ असं हरवलं. सामोआ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला होता. एका नियमाची गाठ सोडली, तर एवढ्याशा बेटांचा देश जगाच्या अंतिम सामन्यात उभा राहतो. माणसाला एकाच मुळाची सक्ती करू नये, याला यापेक्षा भक्कम पुरावा मला माहीत नाही.

आर्थर बीटसन २०११ मध्ये गेला. ज्या मैदानावर तो ८ जुलैच्या रात्री उतरला, त्याच्या बाहेर आता त्याचा पुतळा आहे. निळ्या जर्सीत तो कितीतरी वेळा खेळला होता. मरून जर्सीत ओरिजिनचा सामना तो आयुष्यात एकदाच खेळला.