पथ्य आणि पथ्याचे वेड



मधुमेहासारख्या विषयावर बोलण्यासाठी डॉक्टर सोडून कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. मी वैद्यक शिकलेला मनुष्य नव्हे. शाळाही लवकर सुटली. परंतु गेली आठ वर्षे हा रोग माझ्या अंगात मुक्कामाला आहे, आणि मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत व अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्यात मी वावरतो, त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात माझ्यासारख्याच गोळ्या असतात. तेव्हा रोगी म्हणून आणि रोग्यांचा सोबती म्हणून जे उमगले, तेवढेच मांडतो.

प्रथम पथ्य हवेच कशाला, ते पाहू. भात, पोळी, भाकरी, बटाटा यांतील पिष्टाची पोटात साखर होते व ती रक्तात येते. रक्तातून पेशींत शिरण्यासाठी तिला स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन लागते. कारखान्याच्या भाषेत सांगायचे, तर माल फाटकाशी येऊन पडतो, परंतु फाटक उघडणारा पहारेकरी एक तर गैरहजर असतो, नाही तर त्याचे कोणी ऐकत नाही. माल रस्त्यावर साचतो आणि आतली यंत्रे उपाशी राहतात. ही साचलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदय यांना वर्षानुवर्षे पोखरते. दुखत काही नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. तेव्हा फाटकाच्या ताकदीप्रमाणे माल मागवणे, याचेच नाव पथ्य.

एके काळी तर पथ्याशिवाय दुसरा उपायच नव्हता. इन्सुलिन हाती येण्यापूर्वी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवीत, कारण तेवढ्यानेच त्यांचे दिवस वाढत. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्या वेळी त्या मुलाचे वजन अवघे तीस किलोच्या आसपास होते! औषध आले आणि माणसाला पुन्हा पोटभर जेवण्याची मुभा मिळाली. हे मुद्दाम सांगतो, कारण औषधे हाताशी असतानाही कित्येकजण स्वतःला पुन्हा ॲलनच्या काळात नेऊन बसवतात.

रोग थोडाथोडका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. तेव्हा पथ्याची चेष्टा करणे कोणालाच परवडणार नाही.

आता दुसरी बाजू. मला रोग असल्याचे कळले, तेव्हा पहिले सहा महिने मी नीट पथ्य केले व साखर आटोक्यात आली. तेथेच थांबायला हवे होते. परंतु आकडा उतरला की माणसाला त्याची चटक लागते. भात आधीच कमी केला होता, तो बंद केला; मग गहू गेला, फळे गेली, तेल गेले. दिवसातून आठ-दहा वेळा बोट टोचू लागलो. वजन उतरले, झोप गेली, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून मनात त्याला नावे ठेवू लागलो.

अशातच घाटकोपरला आमचा एक जुना सोबती वारला. संपाच्या दिवसांत त्याच्या घरच्या पिठल्यावर आम्ही चौघांनी दोन महिने काढले होते. तेराव्याला त्याच्या पत्नीने पान वाढले, आणि मी पिशवीतून माझा डबा काढला. “भाऊ, आमच्या घरचं आता चालत नाही का?” एवढेच वहिनी म्हणाल्या. गोडाची वाटी बाजूला सारून, भात थोडा ठेवून, बाकीचे मी सहज खाऊ शकलो असतो. मला रोगाने अडवले नव्हते. भीतीने अडवले होते.

पुढे वाचनात आले, की या भीतीला नावही आहे. डॉ. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ साली ‘ऑर्थोरेक्सिया’ हा शब्द बनवला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ योग्य भूक असा काहीसा होतो. हे गृहस्थ तरुणपणी स्वतःच शुद्ध अन्नाच्या नादी लागले होते, म्हणून त्यांना या दुखण्याची पारख. निरोगी राहण्यासाठी सुरू केलेला आहारविचार जेव्हा माणसाचा सगळा दिवस खाऊन टाकतो, तेव्हा आहार हाच आजार होतो, असे त्यांचे म्हणणे.

येथे एक सावधगिरी हवी. बाहेरून पाहणाऱ्याला पथ्य आणि वेड सारखेच दिसते. जो मुलगा लहानपणापासून इन्सुलिन टोचून घेतो, त्याला घासाघासाचा हिशेब ठेवावाच लागतो, कारण त्यावर इंजेक्शनची मात्रा ठरते. त्याला वेडा म्हणणे हा अन्याय आहे. “एका लाडवाने काय होतंय?” असा आग्रह करणारे आप्त हे प्रेमाच्या नावाखाली अपायच करतात. डबा नेणे हे वेड नव्हे. डबा नसेल तर जगच बुडाले असे वाटणे, हे वेड.

आपल्या महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घरोघरी एकच वाद रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच जेवा, आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत, थोडे थोडे, वेळच्या वेळी आणि आपल्या मातीतले खा. लोक त्यांत पक्ष घेऊन क्रिकेटच्या सामन्यासारखे भांडले. परंतु आपण गोळी कोणती घेतो, हा प्रश्न त्या भांडणात फारसा कोणी विचारला नाही; आणि मधुमेह्याच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला हाकून इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही.

आमचा एक कामगार पहिल्या प्रकारची गोळी घेत असे. लोकलच्या डब्यात ऐकीव माहितीवर त्याने दुपारचे जेवण सोडले, गोळी मात्र चालू ठेवली. दुसऱ्या पाळीत हात कापू लागले, घाम फुटला, आणि तो यंत्राशेजारीच कोसळला. हात यंत्रात गेला नाही, हे नशीब. दारू पिऊन आला, असा शेरा मात्र त्याच्या नावावर पडला! साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तडक रुग्णालयात न्यावे. एवढे ज्ञान प्रत्येक खात्यात एकाला तरी हवे.

वेडाचे दुसरे लक्षण म्हणजे अन्नाला जात लावणे. भात पापी, ज्वारी पुण्यवान! वस्तुतः शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्ट सुमारे ७० ग्रॅम व तांदळात ७८. ज्वारीत चोथा अधिक, म्हणून ती बरी. परंतु चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच. गूळ-मधाचेही तेच.

मग ओळखावे कसे? मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. हा नियम माझ्या डॉक्टरांनी सांगितला, की माझ्या भीतीने? तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीत त्याचा काही उपयोग दिसतो का? एक दिवस तो मोडला, तर दुसऱ्या दिवशी मी शांतपणे पुन्हा पाळू शकतो का? आणि या नियमामुळे मी माणसांत बसू शकतो, की माणसांतून उठतो?

शेवटी माझ्या धंद्याची गोष्ट. पथ्य हे केवळ मनोनिग्रहाचे काम नाही. त्याला जेवणाची ठरलेली वेळ लागते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे केले होते. २०२० च्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली. कागदावरचे हे कलम ताटात उतरवणे आपल्या हाती आहे. बिनसाखरेचा चहा, वडापावाशेजारी उसळीची एक थाळी, वेळेवर सुटणारी पाळी आणि खिशात साखरेची पुडी ठेवण्याची मुभा, या मागण्या पगारवाढीइतक्याच रास्त आहेत.

वहिनींकडे मी नंतर गेलो. अर्धी वाटी भात, वरण आणि भाजी खाल्ली. दोन तासांनी साखर तपासली. ती आटोक्यात होती. न खाताच इतके दिवस मी काय सांभाळत होतो, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला. तोच आपल्यापुढे ठेवून रजा घेतो.