दावा म्हणजे खटला नव्हे
जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या कामात ‘दावा’ शब्द ऐकला की कोर्टकचेरी आठवते. बांधकाम करारातला दावा म्हणजे फक्त लेखी मागणी: जागा उशिरा मिळाली, नकाशा बदलला, तर वाढीव मुदत किंवा मोबदला द्या. भिंत उभी राहिल्यावर आपण खिडकी सरकवायला सांगतो, गवंडी दोन दिवसांची जादा मजुरी मागतो, तसेच हे. मागणी फेटाळली की वाद सुरू होतो. करारात तरतूद असेल तर तो लवादाकडे (कोर्टाबाहेर निवाडा देणारी त्रयस्थ व्यक्ती) जातो. 1996च्या लवाद कायद्याने हा निवाडा बंधनकारक असतो. कोर्टात आव्हान मोजक्याच कारणांवर देता येते. मात्र साइटची रोजची नोंदवही, तारखेचे फोटो, वेळेत दिलेली नोटीस नसेल, तर रास्त मागणीही सिद्ध करणे फार कठीण जाते.